आधी कागद ठरवा, मग रोल: कोकणात कृष्णधवल प्रिंट काढताना

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मालवणजवळ घर आहे, आजोबांच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला एन्लार्जर (निगेटिव्ह कागदावर मोठं करून छापायचं यंत्र) माळ्यावरून खाली काढलात, ३५ मिमीचा कॅमेरा आहे आणि आठ बाय दहाचे प्रिंट स्वतः काढायचेत. विषय घरचेच: चिऱ्याचं घर, रापण, होड्या, माडांची बाग. पहिले दोन रोल भर उन्हात काढलेत, त्यात चुन्याच्या भिंती कोऱ्या गेल्या आणि पडवीतली माणसं काळी पडली. माळ्यावर जुन्या ब्रोमाइड कागदाची दोन पाकिटंही सापडली आहेत. तर फिल्म कुठली घ्यावी, कागद कुठला घ्यावा आणि पावसाळ्यात हे काम करावं की नाही, असे तीन प्रश्न.

सरळ उत्तर आधी देतो. फिल्म इलफर्डची एचपी-५ प्लस. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, आयडी-११ किंवा डी-७६, दोन्ही जवळजवळ एकच. कागद सध्या मल्टिग्रेड आरसी (प्लास्टिकचा थर दिलेला), ग्लॉसी किंवा पर्ल. फायबरचा (प्लास्टिक नसलेला, जाड) कागद दिवाळीनंतर उघडा. एक वर्ष यात काहीही बदलू नका. पावसाळ्यात काम जरूर करा, फक्त त्या चार महिन्यांत फायबरच्या वाटेला जाऊ नका.

आता कारणं. ती समजली की माझ्या यादीची गरज राहणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी चाळीसेक वर्षं रत्नागिरीत हेच काम करत आलो आहे. नवीन माणसाची पहिली गल्लत मला नेहमी एकाच जागी दिसते. तो महिनाभर फिल्म निवडतो आणि कागद दुकानात जो असेल तो उचलतो. खरं तर लोकांच्या हातात जाणार आहे तो कागद. निगेटिव्ह हा मधला मुक्काम आहे. तेव्हा कागदाला काय झेपतं ते आधी बघायचं आणि निगेटिव्ह त्या मापाचं करायचं.

कागदाला झेपतं फारच थोडं. ग्लॉसी कागदाचा पांढरा आणि त्याचा गडद काळा यांच्यात साधारण सव्वाशेपट फरक असतो, म्हणजे सात स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). मॅट कागदात काळा तितका खोल जात नाही, तिथे हा फरक चाळीसपटीच्या आसपास, म्हणजे सव्वापाच स्टॉपवर येतो. आता तुमच्या अंगणात या. वैशाखातली दुपार, चुना दिलेलं तुळशीवृंदावन उन्हात आहे आणि मागे पडवीच्या सावलीत आजी सुपारी कातरत बसली आहे. मीटरने दोन्ही मोजून बघा, आठ-नऊ स्टॉपचं अंतर निघेल. फिल्म तेवढं सगळं धरून ठेवते. एचपी-५ ला त्यात काहीच अवघड नाही. पण नॉर्मल डेव्हलप केलेल्या निगेटिव्हमधले सातेक स्टॉपच ग्रेड २ च्या, म्हणजे नॉर्मल, कागदावर बसतात, उरलेले दोन्ही टोकांनी बाहेर पडतात. तुमची भिंत कोरी गेली आणि पडवी काळी पडली ती यामुळे. फिल्मचा त्यात दोष नव्हता.

यावर उपाय असा. कडक उन्हाच्या दिवसांत एचपी-५ चारशेऐवजी दोनशेवर (मीटरवर आयएसओ २०० लावून) वापरा, म्हणजे सावलीला पुरेसा प्रकाश मिळेल. मग डेव्हलपमेंटचा वेळ वीसेक टक्के कमी करा, म्हणजे भिंतीचा भाग निगेटिव्हवर फार दाट होणार नाही. पावसाळ्यात नेमकं उलटं करायचं. मळभ आलं की सगळ्या देखाव्याचा पसारा चार स्टॉपांत आटोपतो आणि नॉर्मल निगेटिव्ह कागदावर राखाडी, मेलेलं दिसतं. तेव्हा रोल चारशेवरच ठेवा आणि वेळ पंधरा टक्के वाढवा. ३५ मिमीच्या रोलमध्ये छत्तीस फ्रेम एकत्रच डेव्हलप होतात, प्रत्येक फ्रेमला वेगळी वागणूक देता येत नाही. म्हणून एक रोल एकाच प्रकारच्या उजेडात संपवायची सवय लावा. माझ्याकडच्या डब्यांवर मी पेन्सिलीने ‘ऊन’ किंवा ‘मळभ’ एवढंच लिहितो. अठ्ठावीस फ्रेमनंतर ऊन जाऊन आभाळ आलं तर उरलेल्या आठ फ्रेम सोडून देतो.

एचपी-५ च का, तर ती चुका पोटात घालते. एखादा स्टॉप जास्त प्रकाश गेला, पाणी दोन अंश गरम निघालं, हात जास्त हलला, तरी छापण्याजोगं निगेटिव्ह देते. कोडॅकची ट्राय-एक्स त्याच जातीची आहे, सहज मिळत असेल तर तीही घ्या. केंटमेअर ४०० ही इलफर्ड फिल्म बनवणाऱ्या हारमनचीच, स्वस्त पडते आणि शिकायला चांगली आहे. टी-मॅक्स आणि डेल्टा या चपट्या कणांच्या फिल्म. ग्रेन (चित्रात दिसणारे कण) बारीक, तपशील सुरेख, पण वेळ आणि तापमान यांना फार हळव्या. ज्याच्या नळाला बारा महिने वीस अंशांचं पाणी येतं त्याने त्या खुशाल वापराव्यात. आपल्या विहिरीचं पाणी सकाळी सव्वीस-सत्तावीस भरतं आणि टाकीतलं दुपारी त्याच्याही वर जातं. तिथे थोडी चूक झाली की निगेटिव्ह लगेच कडक होतं, म्हणजे काळं-पांढरं उरतं आणि मधले करडे जातात. फोमा ही चेक कंपनी १९२१ पासूनची. फोमापॅन ४०० स्वस्त आहे, पण सावलीत तपशील हवा असेल तर ती दोनशे-अडीचशेचीच धरून चाला. शिवाय भिजल्यावर तिचा थर नाजूक असतो आणि गरम पाण्यात आणखी. बोटाने पाणी निपटायला गेलात की ओरखडा उठलाच.

ग्रेनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. आठ बाय दहापर्यंत एचपी-५ चा ग्रेन दिसतो, पण खुपत नाही. वाळू, जांभा, सुकत घातलेली जाळी यांना तो शोभतोसुद्धा. तुम्ही अकरा बाय चौदाच्या पुढे जाणार असाल आणि स्टँड वापरायची तयारी असेल तर एफपी-४ प्लस घ्या, ती १२५ ची. कातळशिल्पं टिपायला मी तीच नेतो. बारसू, उक्षी, कशेळी इथल्या सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) रेषा उथळ आहेत, उन्हं डोक्यावर आली की दिसेनाशा होतात. सूर्य उगवून अर्धा तास झाला की तिरप्या उजेडात त्यांच्या कडा सावली धरतात आणि त्या वेळी स्टँडशिवाय १२५ ची फिल्म हातात धरवत नाही.

जांभ्याचा विषय निघालाच आहे तर इथे थांबतो, कारण कोकणात कृष्णधवल करणाऱ्या प्रत्येकाला तो छळतो. डोळ्यांना तांबडा चिरा आणि त्यामागची हिरवी पोफळ यांत केवढा फरक वाटतो! आपल्या नेहमीच्या फिल्मवर मात्र दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगात उतरतात. घर बागेत विरघळून जातं. ही गाठ कागदाच्या ग्रेडने सुटत नाही, कारण दोन्ही राखाडी एकत्रच वर-खाली होतात. ती फोटो काढतानाच सोडवावी लागते. पिवळा-हिरवा फिल्टर लावलात तर पानं उजळतात आणि चिरा गडद होतो. नारिंगी लावलात तर चिरा उजळतो, पानं खाली जातात आणि निळं आकाशही गडद होतं. भरपावसात भिजलेला चिरा मुळातच काळपट असतो, त्याला पिवळा-हिरवा लावू नका, भिंतीचे सांधे जातील. कोरड्या दिवसांत घरासाठी मला नारिंगी आवडतो. बागेत माणूस उभा असेल तर पिवळा, कारण नारिंगीने चेहरे पिठासारखे होतात. पिवळ्याला एक स्टॉप जास्त द्या, नारिंगीला दोन, लाल पंचवीस नंबरला तीन. मे महिन्यात समुद्रावर पांढुरकं धूसर आभाळ असतं. ते कुठल्याच फिल्टरने गडद होत नाही, कारण त्यात निळा उरलेलाच नसतो. अशा वेळी आकाश चौकटीत कमीच घ्यावं.

ऑर्थो प्लस नावाची ८० ची फिल्म इलफर्ड बनवते. ती तांबडा रंग पाहतच नाही. चिऱ्याची भिंत तिच्यावर काळीभोर येते आणि उन्हात रापलेला कोळ्याचा चेहरा फार गडद, सुरकुत्यांसकट. मला तो परिणाम भावतो, पण पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नका.

आता तापमान. पुस्तकातले सगळे वेळ वीस अंशांचे असतात. एचपी-५ ला आयडी-११ एकास एक पातळ करून वीस अंशांना तेरा मिनिटं लागतात. दर अंशामागे सुमारे दहावा हिस्सा वेळ कमी होतो, म्हणजे चोवीस अंशांना नऊ मिनिटांच्या आतबाहेर. सत्तावीसला तोच वेळ सव्वासहा मिनिटांवर येतो आणि त्यातून उन्हाच्या रोलसाठी वीस टक्के वजा केलेत की पाच मिनिटं उरतात. पाच मिनिटांखाली डेव्हलपमेंट एकसारखं होत नाही, आकाशात डाग आणि पट्टे येतात. मी बर्फाच्या मागे लागत नाही. त्याऐवजी डेव्हलपर एकास तीन करतो. वीस अंशांना त्याचा वेळ वीस मिनिटं, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसला नऊ-साडेनऊ मिनिटं मिळतात आणि हाताला उसंत राहते. इतक्या पातळ डेव्हलपरमध्ये उजळ भागही आपसूक थोडे आवरले जातात, आपल्या उन्हाला ते सोयीचंच. एक काळजी मात्र घ्या: तीनशे मिलीच्या टाकीत एकास तीन केल्यावर मूळ डेव्हलपर पाऊणशे मिलीच राहतो, तो एका रोलला अपुरा आहे. मोठ्या टाकीत पाचशे मिली भरा आणि रोल एकच घाला.

डेव्हलपर, मधलं पाणी, हायपो (म्हणजे फिक्सर, चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि शेवटचं धुण्याचं पाणी सगळं एकाच तापमानाचं हवं. सत्तावीसच्या डेव्हलपरमधून काढून फ्रिजच्या पाण्यात रोल टाकलात की जिलेटिन आकसून जाळी पडते आणि ती कशानेच जात नाही. मी आदल्या रात्री सगळ्या बाटल्या पाण्याने भरलेल्या एकाच घंगाळात ठेवून देतो. सकाळपर्यंत सगळं एकसारखं झालेलं असतं.

पाण्याचं बघा. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ते पाणी कागद धुवायला चालून जातं, पण डेव्हलपर कालवायला आणि फिल्मच्या शेवटच्या बुडीला नको, वाळल्यावर निगेटिव्हवर खारट डाग राहतात. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस कौलं धुऊन जाऊ द्या. त्यानंतरचं पागोळीचं पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरून ठेवा. मी वर्षभर डेव्हलपर त्याच पाण्यात कालवतो. नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतंच.

कागदाकडे वळतो. आरसी म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेला कागद. पाणी आत मुरत नाही, त्यामुळे डेव्हलपरमध्ये एक मिनिट, हायपोत तीस सेकंद, धुवायला दोन मिनिटं आणि पंख्याखाली अर्ध्या तासात कोरडा. फायबर म्हणजे साधा जाड कागद, त्यावर बरायटाचा लेप आणि त्याच्यावर चांदीचा थर. तो केमिकल पिऊन घेतो, म्हणून धुणं लांबतं: नुसत्या पाण्यात तासभर. त्यात मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असताना प्रिंटसाठी तासभर पाणी सोडणं मला पटत नाही. एक लिटर पाण्यात वीस ग्रॅम सोडियम सल्फाइट विरघळवून घ्या. हायपोनंतर पाच मिनिटं धुऊन प्रिंट या पाण्यात दहा मिनिटं हलवत ठेवा. मग वीस मिनिटं धुतलंत की पुरतं, तेही पाणी सोडून न देता ट्रेमधलं पाणी पाच-सहा वेळा बदलून. फायबर हायपोत जास्त वेळ ठेवायचा मोह टाळा. एकास चार रॅपिड फिक्सरमध्ये एक मिनिट पुरे, जास्त राहिला तर हायपो धाग्यांत शिरतो आणि मग निघता निघत नाही.

मग एवढ्या खटाटोपाचा फायबर वापरायचा कशाला? पाण्यात भिजलेला फायबर प्रिंट हातात घ्या आणि वाळल्यावर पुन्हा घ्या. काळ्यात जी खोली आहे, ती आरसीच्या प्लास्टिकवर मला तरी कधी दिसली नाही. इलफर्डचा मल्टिग्रेड एफबी क्लासिक ग्लॉसी कागद न तापवता हवेवर वाळवला की त्याला एक मंद तकाकी येते, आरशासारखी चकाकी येत नाही. पडवीतला अंधार त्यावर मखमलीसारखा बसतो. जुनी घरं, म्हातारी माणसं यांच्यासाठी एफबी वॉर्मटोन किंवा फोमाचा फोमाटोन एमजी क्लासिक १३१ बघा, त्यांचा काळा किंचित तपकिरीकडे झुकतो. समुद्र आणि पावसाच्या फोटोंना मात्र हा ऊबदारपणा मानवत नाही, तिथे साधा क्लासिक बरा. मॅट कागद हातात छान वाटतो, पण त्याचे सव्वापाच स्टॉप लक्षात ठेवा. धुकं, पहाटेची खाडी अशा मुळातच मऊ चित्रांना तो घ्या.

पावसाळ्यात फायबर नको हे मी सोसून सांगतो आहे. एका श्रावणात प्रदर्शनासाठी चौदा फायबर प्रिंट काढले आणि माजघरात मच्छरदाणीच्या जाळीवर पालथे घातले. तिसऱ्या दिवशीही ते गार लागत होते. पाचव्या दिवशी उचलले तर काळ्या भागात टाचणीच्या डोक्याएवढे मंद ठिपके, तिरप्या उजेडात धरले तरच दिसणारे. बोट लावलं तर जिलेटिनचा थर बोटाबरोबर सरकला. ओलं जिलेटिन म्हणजे बुरशीचं अन्नच. चौदापैकी तीन वाचले, तेही दिव्याच्या जवळ होते म्हणून. तेव्हापासून माझा फायबर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत सकाळी काढलेला प्रिंट संध्याकाळपर्यंत काचेवर ताठ वाळतो. काचेवर म्हणजे ओला प्रिंट सुलटा ठेवून चारही कडांना पाणी लावायची गमटेप मारायची. वाळताना तो ताणला जातो आणि वाकत नाही. मग कडा ब्लेडने कापायच्या.

ग्रेडचं थोडक्यात. पूर्वी सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड अशी वेगवेगळी पाकिटं ठेवावी लागत आणि आपल्या हवेत न संपलेलं पाकीट सादळून वाया जाई. मल्टिग्रेडमध्ये एकाच पाकिटात सगळे ग्रेड मिळतात. त्याचा थर निळ्या उजेडाला कडक आणि हिरव्याला मऊ प्रतिसाद देतो. पिवळे फिल्टर निळा अडवतात, किरमिजी हिरवा अडवतात. इलफर्डच्या संचात ०० पासून ५ पर्यंत बारा फिल्टर असतात. साडेतीनपर्यंत एकच वेळ चालते, चार ते पाचला दुप्पट द्यायची. इथे गावाकडची एक अडचण येते, ती पुस्तकात सापडत नाही: व्होल्टेज. संध्याकाळी दाब पडला की एन्लार्जरचा दिवा मंद तर होतोच, शिवाय पिवळाही होतो. म्हणजे प्रिंट फिका येतो आणि वर मऊही येतो, आणि तुम्ही बिचाऱ्या कागदावर संशय घेता. एन्लार्जरला स्टॅबिलायझर लावा किंवा रात्री दहानंतर काम करा. दिव्याच्या जागी घरगुती एलईडी बसवू नका, हे फिल्टर त्या उजेडासाठी केलेले नाहीत.

आजोबांचा एन्लार्जर त्या काळचा असेल तर बहुधा कंडेन्सरचा असणार. वरचं झाकण उघडून भिंगाच्या दोन जाड काचा दिसतात का बघा. तसं असेल तर तो निगेटिव्ह जवळपास एक ग्रेड कडक छापतो, धूळ आणि ओरखडेही ठळक दाखवतो. त्याला थोडं मऊ निगेटिव्ह लागतं. वर सांगितलेल्या वेळांतून आणखी दहा टक्के कमी करून बघा. भिंगावर बुरशीचे तंतू आहेत का, हेही टॉर्च लावून आरपार बघा. असतील तर आधी ते साफ करून घ्या, नाहीतर कुठल्याही कागदावर काळा धुवट येईल.

सापडलेली पाकिटं शिकण्यासाठी वापरू नका. उटीला १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स सुरू झाली, तिचा ‘इंदू’ छाप कागद आणि रोल यांवर माझ्यासारखे कितीतरी जण शिकले. तुमच्या पाकिटांवर तेच नाव असेल तर रिकामी झाल्यावरही जपून ठेवा. पण कागद एवढी वर्षं कौलाखालच्या माळ्यावर तापला आहे, तो आतून काळवंडलेला असणार. खात्री करायची तर अंधारात एक पट्टी कापून तिचे दोन तुकडे करा. एक सरळ हायपोत टाका. दुसरा उजेड न दाखवता दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये आणि मग हायपोत. बाहेर आणून शेजारी ठेवा. दुसरा करडा आला असेल तर त्या कागदावर शुभ्र पांढरा कधीच मिळणार नाही आणि तुम्ही निगेटिव्हला दोष देत बसाल. पोरांना पानं-शिंपले ठेवून सावलीचित्रं करायला तो छान.

लाल दिव्याची परीक्षाही घेऊन टाका, कारण मल्टिग्रेड हिरव्यालाही जागा असतो आणि जुन्या स्टुडिओतले पिवळट-हिरवे दिवे त्याला चालत नाहीत. एन्लार्जरखाली कागदाला अगदी थोडा उजेड द्या, जेमतेम करडा येईल इतका. मग तो दिव्याखाली, ट्रे असतो तिथेच ठेवा आणि वर रुपयाचं नाणं ठेवून पाच मिनिटं वाट बघा. डेव्हलप केल्यावर नाण्याचा फिका गोल उमटला तर दिवा कागद बिघडवतो आहे. दिवा लांब न्या किंवा बदला.

पावसाळ्यात ट्रेमधला डेव्हलपरही गरमच असतो आणि प्रिंट वीस सेकंदांत भरल्यासारखा दिसतो. घाबरून लवकर उचलू नका, काळा अर्धवट राहतो. मल्टिग्रेड डेव्हलपर एकास नऊऐवजी एकास चौदा करा आणि मिनिटभर पुरतं ठेवा.

साठवणीचं असं. आगोटीला आपण मीठ-मिरची, सुकी मासळी भरतो तसं हेही भरून ठेवायचं. रोल फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात. वापरायच्या दोन तास आधी बाहेर काढा आणि मूळ डबी उघडू नका, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. कागदाचं पाकीट आदल्या रात्रीच काढून ठेवा. काढून झालेला रोल पावसाळ्यात आठवड्याच्या आत डेव्हलप करा. निगेटिव्ह, भिंगं आणि उघडलेला कागद यांच्यासाठी रबरी कडेचे डबे आणि निळी सिलिका जेल घ्या. ती गुलाबी झाली की तिने ओल पोटभर प्यायली असं समजायचं. एका जुन्या तव्यावर मंद आचेवर परतली की पुन्हा निळी होते. तवा वेगळा ठेवा, पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. निगेटिव्ह प्लास्टिकच्या पाकिटात असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये ती एकमेकांना चिकटून चमकदार चट्टे पडतात, म्हणून कागदी पाकिटं वापरा. आणि वापरलेला हायपो विहिरीच्या आसपास किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवा, शहरात ती काढून घेणारे मिळतात.

खरेदीपुरतं: दहा रोल, आरसीचं पाच बाय सातचं शंभराचं पाकीट आणि आठ बाय दहाचं पंचवीसचं. पाच बाय सातवर शिका, मोठा कागद निवडक निगेटिव्हसाठी ठेवा.

रोल आणि कागद हाती आले की चित्र छापायच्या आधी एवढं करा. डेव्हलप झालेल्या रोलच्या टोकाला कोरी पारदर्शक फिल्म असते, तो तुकडा एन्लार्जरमध्ये घाला, अर्धी चौकट फिल्मने झाकलेली आणि अर्धी उघडी. डोकं आठ बाय दहाच्या उंचीवर, भिंग एफ ८, फिल्टर दोन. दर दोन सेकंदांनी पुठ्ठा सरकवत टेस्ट स्ट्रिप काढा. वाळल्यावर उजेडात बघा. फिल्ममधून आलेला काळा आणि मोकळ्या उजेडाचा काळा यांतला फरक ज्या पट्टीवर पहिल्यांदा मिटतो, तेवढे सेकंद भिंतीवर लिहून ठेवा. आता त्याच उंचीवर, त्याच सेकंदांनी पूर्ण रोलची कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेला सगळ्या फ्रेमचा एकत्र प्रिंट) काढा. पडवीतला माणूस काळ्यात बुडाला असेल तर पुढच्या रोलला प्रकाश जास्त द्या. माणूस नीट आहे पण चुन्याची भिंत कोरी असेल तर डेव्हलपमेंट मिनिटभर कमी करा. दोन्ही राखाडी असतील तर मिनिटभर वाढवा. तिसऱ्या-चौथ्या रोलला ग्रेड दोनवर भिंतीचा खरबरीतपणाही दिसेल आणि आजीच्या हातातला अडकित्ताही. तिथे जो वेळ निघेल तो तुमच्या पाण्याचा, तुमच्या एन्लार्जरचा. माझ्यापेक्षा एखाद मिनिट इकडे-तिकडे असेल, तोच धरून चाला.